गेटवर माझ्यासारखाच एक

माझं नाव दिगंबर, घरातले दिगू म्हणतात. गाव खारेपाटणच्या अलीकडचं, मोठ्या रस्त्यावरून आत उतरायला लागतं. वडील इथे मुंबईत गिरणीत होते, ते लवकर गेले, आणि मी नऊ वर्षांचा असताना आईही गेली. मग मोठ्या भावाने मला इकडे आणलं, घाटकोपरच्या डोंगरावर, दहा बाय बाराची खोली, पाणी खालून वर आणायचं. भावाच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. म्हणजे वहिनी किती असेल, एकवीस, बावीस. त्या वयाच्या मुली आज कॉलेजात असतात, आणि हिच्या गळ्यात नवऱ्याचा नऊ वर्षांचा भाऊ, तोही आईच्या आठवणीने उठता-बसता रडणारा.

शाळेत नाव घालायला तीच घेऊन गेली, भाऊ कामावर पाळीला होता. बाईंनी विचारलं, हा कोण तुमचा? तर म्हणाली, माझो थोरलो. बाई हसायला लागल्या, अहो तुम्ही केवढ्या, हा थोरला कसा असेल तुमचा? तर ही म्हणे, थोरलो म्हणजे थोरलो, तुम्ही लिवा. पुढे तिला स्वतःचा मुलगा झाला, तो आता पुण्याला असतो, पण थोरला मीच. बाजारात, दवाखान्यात, लग्नकार्यात, कुणीही विचारू दे, न विचारू दे, ही आपली सांगणार, ह्यो माझो थोरलो. मला लाज वाटायची त्या वयात. काय सांगू तुम्हाला, लाज वाटायला कुठली गोष्ट निवडली होती मी, आणि पुढे कुठली करून बसलो.

कांजूरमार्गला एका कंपनीत मी वीस वर्षं काढली. ती बंद पडली. मग कंत्राटदाराकडे लागलो, त्याने विमानतळावर टाकलं, गाड्या सोडायच्या लेनमध्ये. काम काय, तर शिट्टी मारायची. गाडी आली, माणूस उतरला, बॅग उतरली, चला पुढे. तिथे मोजकी मिनिटं फुकट, त्याच्या वर थांबलं की चार्ज. आणि तो चार्ज असा की ड्रायव्हर लोक घड्याळाकडे बघत माणसं उतरवायचे. कुणी सासरी निघालेली मुलगी आईच्या गळ्यात पडलेली असायची आणि मी शिट्टी मारायचो. वाईट वाटायचं, पण सवय होते हो. सगळ्याची होते.

तर ते ड्रायव्हर मला ओळखायला लागले. एक जण म्हणाला, दिगूभाऊ, पुढचं भाडं येईपर्यंत आम्ही उभं राहायचं तरी कुठे, इथे थांबलो तर दिवसाची कमाई चार्जमध्येच जाणार. मी म्हटलं, अरे स्टेशनकडे जा ना, तिथे केवढी जागा आहे, फोन आला की वीस मिनिटांत इथे. स्टेशन म्हणजे पूर्वेकडचं, आमच्या कोकणातल्या गाड्या सुटतात ते. छापताना स्टेशनचं नाव नका घालू. मी आपला चांगुलपणाने सांगितलं. तो गेला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने चौघांना, आणि दोन-तीन महिन्यांत त्या स्टेशनच्या रस्त्यावर नुसत्या पांढऱ्या गाड्या. सीट मागे टाकून झोपलेले ड्रायव्हर. रिक्षा आत जाईना, बस वळेना, लोकांना गाड्या चुकायला लागल्या. सगळं माझ्यामुळेच झालं असं नाही, माझ्याशिवायही झालं असतं, पण पहिल्याला रस्ता मी दाखवला होता, ते मला माहीत आहे.

मग तक्रारी झाल्या आणि स्टेशनवरही तसंच आलं. रस्त्यावर आडवी दांडी आली, पावतीची खोपटी आली, मोजकी मिनिटं फुकट आणि पुढे चार्ज. कंत्राट आमच्याच कंत्राटदाराला मिळालं. तो म्हणाला, दिगंबर, तुला विमानतळाची पद्धत माहीत आहे, तू इथे ये. म्हणजे बघा, माझ्याच सांगण्यावरून तिथे गेलेल्या गाड्या हाकलायला मलाच उभं केलं. ते माझे ड्रायव्हर मला हसायचे, काय दिगूभाऊ, आता कुठे जाऊ ते पण सांग. मी पण हसायचो.

पण विमानतळ वेगळं आणि स्टेशन वेगळं. गावाला जाणारा माणूस काय चाकाच्या बॅगा घेऊन येतो? गोणी असते, पत्र्याचा डबा असतो, सोबत आजारी म्हातारा असतो. आणि दांडीपाशी आत शिरायला रांग, बाहेर पडायला रांग, त्या बाहेर पडायच्या रांगेतच फुकटची मिनिटं संपायची, म्हणून रिक्षावाले आत यायलाच तयार होईनात. ते बाहेरच, स्टेशनकडे येणाऱ्या पुलाच्या तोंडाशी माणसं उतरवायचे. तिथून फलाटापर्यंत चढ आहे, सावली नाही, आणि मधे बसायला एक कट्टा नाही. मी दिवसभर तेच बघायचो, डोक्यावर गोणी घेऊन चढणारी माझ्याच गावाकडची माणसं.

एक सवलत होती. म्हातारं माणूस, अपंग, आजारी, यांची गाडी गेटवरच्या माणसाने बघून तशीच, चार्ज न घेता सोडायची. बघून, म्हणजे माझ्या नजरेवर. मी पुष्कळ सोडायचो, खोटं नाही सांगत. मग आमच्यातला शेलार होता, त्याने आपल्या मामाची रिक्षा रोज सोडायला सुरुवात केली, ते पकडलं, आणि त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. कंत्राटदाराचा मॅनेजर सगळ्यांना जमवून म्हणाला, नातेवाइकांची धर्मशाळा नाही ही, यापुढे ओळखीचा माणूस सुटलेला दिसला तर सोडणारा पण सुटला. आम्ही मान हलवली. एकोणपन्नास वर्षांचा होतो मी, दुसरीकडे कोण घेणार होतं?

त्याच्यानंतर आठवड्याने वहिनी शिमग्याला निघाली.

भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. गावचं घर वर्षभर बंद असतं, पण शिमग्याला देवीची पालखी दारात येते, तेव्हा घर उघडं पाहिजे, ओटी भरायला घरातलं कुणीतरी पाहिजे. वहिनी एक वर्ष चुकली नाही. गुडघे पार गेलेत, जिने बसून उतरते, पण शिमग्याला जाणार. मी म्हटलं, वयनी, मला रजा नाही, पण काळजी करू नको, मी गेटवरच आहे ना, रिक्षावाल्याला सांग थेट गेटपर्यंत चल, गेटवर माझा माणूस आहे म्हणून सांग. हे मी सांगितलं. माझ्या तोंडाने. आणि माझ्या नावाची ओटी तिच्याकडे दिली, खण, नारळ, तांदूळ, ते तिने सगळ्यात वर ठेवलं बॅगेत, खण चुरगळू नये म्हणून.

दुपारची वेळ. त्या दिवशी नेमका मॅनेजर गेटवर उभा, शेलारच्या प्रकरणापासून तो असा मधूनच यायचा. मला रांगेत चौथी रिक्षा दिसली, तिच्यात वहिनीची हिरवी साडी दिसली. मी मनात म्हणतोय, हिने काही बोलू नये, नुसतं बसून राहावं, मी म्हातारी बघून सोडतो. तिचे पाय बघून कुणीही सोडली असती. परकी असती तर मी डोळे झाकून सोडली असती!

पण मीच सांगायला सांगितलं होतं ना. रिक्षावाला दांडीपाशी आला आणि मोठ्याने म्हणाला, सोडा काका, मावशी म्हणते गेटवर तिचा मुलगा आहे. आणि वहिनी आतून वाकली, हसली, बोट माझ्याकडे केलं, म्हणाली, ह्यो काय, माझो थोरलो.

मॅनेजर वळला. म्हणाला, काय रे, ओळखतोस?

मी म्हटलं, नाही साहेब. इथे सगळे असंच सांगतात.

बस, एवढंच. मोजून सहा शब्द. बोलायला जेवढा वेळ लागला तेवढा विचार करायला पण लागला नाही, आधीच तयार असल्यासारखं आलं तोंडातून.

मॅनेजर रिक्षावाल्यावर ओरडला, खोटं सांगून फुकट घुसता काय, घे मागे. रिक्षावाला भडकला, म्हणाला, मी कशाला खोटं बोलू, ही म्हातारी सांगते, काय गं मावशी, सांग की. म्हणजे बघा, मी नुसतं नाकारलं नाही तिला, मी तिला खोटारडी केली, चार लोकांत. मागून हॉर्न वाजतायत. वहिनी माझ्याकडे बघत होती. मग ती रिक्षावाल्याला म्हणाली, माझीच नदर चुकली रे बाबा. ह्यो तो न्हय. तसोच दिसता, पण न्हय. तू माका हयच उतरव.

आणि उतरली. रिक्षावाला बिचारा बॅग देताना पुटपुटत होता, डोळे तपासून घे मावशी. तिने बॅग घेतली, आणि दांडीच्या बाजूने, माझ्यापासून दोन हातांवरून, चालत गेली. माझ्याकडे बघितलं नाही. रागाने नाही हो. मला सांभाळायला. मॅनेजर उभा होता म्हणून. तो चढ ती चढली, मधे तीनदा थांबली, मी मोजलं. बॅग खाली ठेवायची, कमरेवर हात ठेवायची, पुन्हा उचलायची. त्या बॅगेत माझी ओटी होती. मॅनेजर पाच मिनिटांनी गेला, तेव्हा तरी मी धावायला हवं होतं, ती अजून दिसत होती. मी नाही धावलो. मी पुढच्या गाडीची पावती फाडली.

गाडी तिला मिळाली. रात्री गावातून फोन आला, पोचलंय म्हणून, बायकोने घेतला, मी आंघोळीला गेलो.

पंधरा दिवसांनी ती परत आली. मी रविवारी गेलो, बायकोला बरोबर घेऊन, एकटं जायची हिंमत नव्हती. घाटकोपरचा तो डोंगर चढताना मी ठरवलं होतं, पाय धरायचे, सगळं सांगायचं. आम्ही बसलो, तिने चहा टाकला, प्रसाद दिला, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच बायकोला म्हणाली, अगो मनीषा, तुका गंमत सांगतंय. जाताना गेटार एक मेलो उभो होतो, अगदी आमच्या दिगूसारखो. मीया फसलंय. सगळ्यांदेखत म्हणलंय, माझो थोरलो! त्येची काय अवस्था झाली असात! आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

मनीषा पण हसली. मग म्हणाली, पण वहिनी, तुम्हाला त्याने तसंच चालवलं? तुमचे पाय बघून पण? कसला माणूस म्हणायचा हा. आणि माझ्याकडे वळून, अहो, तुमच्यातलाच असेल ना कोणी, कोण होता तो?

मी म्हटलं, बघायला पाहिजे.

वहिनी म्हणाली, जांव दे गो. त्येका कित्याक बोल लावतंस? त्येचीय नोकरी आसा. त्येकाय बायका-पोरा असतीत. मग मला म्हणाली, तुझी ओटी भरलंय हां मी. देवी दारात इली तेव्हा गाराणा घालूक लावलंय तुझ्या नावान. म्हटलंय, आई, माझ्या थोरल्याची नोकरी सांभाळ.

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे मोठ्याने घालतात, सगळी वाडी उभी असते, आणि सगळे एका सुरात होय महाराजा म्हणतात. म्हणजे सगळ्या वाडीने म्हटलं, माझ्या नोकरीसाठी. मी कप घेऊन मोरीपाशी गेलो आणि कप धूत राहिलो. ती म्हणाली, अरे ठेव, मी धुतंय. मी तसाच धूत राहिलो.

त्याला आता वर्ष होत आलं. नोकरी आहे. देवीने सांभाळली म्हणायची. म्हातारं माणूस आलं की मी आता विचारत नाही, दांडी वर करतो. दोनदा पगार कापला गेला, पण त्याने काही फिटतं असं समजू नका, मी पण समजत नाही. शिमगा पुन्हा आला. मी वहिनीला म्हटलं, यंदा मी रजा टाकतो, तुला फलाटापर्यंत सोडतो, डब्यात बसवतो. ती म्हणाली, रजा कित्याक घालवतंस? मी यंदा एसटीन जातंय. ती डोंगराखालीच थांबता. एसटीने रात्रभर गुडघे दुमडून बसायला लागतं तिला. मी बॅग खाली आणून दिली तेवढी. बसमध्ये शेजारच्या बाईला सांगत होती, ह्यो माझो थोरलो. ती बाई माझ्याकडे बघून हसली. मी मान हलवली, हो म्हटलं. एवढं मोठ्याने म्हटलं की कंडक्टरने वळून बघितलं.

बायकोला अजून माहीत नाही. तुम्ही हे छापाल, तिच्या हातात पडेल, तेव्हा तिला कळेल, तेवढं मला सोसलं पाहिजे. पण तो मीच होतो हे वहिनीला मी अजून तोंडाने सांगितलेलं नाही, आणि तिला वाचता येत नाही. ती वाचणार नाही, म्हणूनच एवढं बोलायचं धाडस झालं मला. हेसुद्धा लिहा.