टेबलासकट नोटरी

...आता तुम्हीच सांगा, नाकाला नळी लावून जो माणूस खाटेवर पडलाय, त्यानं जिना चढून वकिलाकडे यायचं कसं? पण तेजूमल वकिलांचं आपलं एकच पालुपद. "साईं, नोटरी का काम है. माणूस समोर पाहिजे." अहो, समोर यायला तो आधी उठून बसायला तरी हवा ना... थांबा, मी मधूनच सुरू केलं. खोडच आहे ती माझी.

तर हा आमचा चिंतामणी. कुळगावचा, शाळेत शिपाई, आणि स्वभावानं इतका गरीब की अंगावर कुत्रं आलं तर हाच त्याला वाट करून देईल. त्याची थोरली बहीण वेणूबाई, तिचा नवरा नाथा, अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात पंचवीस वर्षं नोकरी. सत्त्याऐंशी साली नाथाची फुफ्फुसं पार कामातून गेली आणि त्याला उल्हासनगरच्या एका दवाखान्यात टाकला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी चिंतामणीला बाजूला घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "काही कागदपत्रं राहिली असतील तर बघून घ्या." एवढंच. डॉक्टर हे असंच सांगतात, तुम्हीही ऐकलं असेल कधीतरी.

चिंतामणी गेला कारखान्यात. तिथले हेडक्लार्क शंकरराव, नाकावर चष्मा, फाईल उलटीसुलटी करून म्हणतात, "पेन्शनला बायकोचं नाव लागलंय गोदू. रेशनकार्डावर आहे वेणूबाई. ही गोदू कोण?"

"आमची ताईच, साहेब. माहेरची गोदू. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं वेणू लिहिलं, तेव्हापासून वेणूबाई."

"मग फॉर्म लग्नानंतरचा, त्यावर यानं गोदू का लिहिलं?"

आता ते चिंतामणीला काय माहीत? 

"हे बघा," शंकरराव म्हणाले, "उद्या दुसरीच कुणी गोदू येऊन उभी राहिली, तर तुमच्या बहिणीच्या हातात काही पडायचं नाही. दोन्ही नावांची बाई एकच, असं नाथाकडून नोटरीपुढे लिहून आणा. तो आहे तोवर."

पोर ना बाळ, शेत ना वाडी. ताईला पुढं आधार काय तो हा एक कागद. म्हणून चिंतामणी तेजूमल वकिलांच्या ऑफिसात, आणि तेजूमल म्हणतायत, माणूस समोर पाहिजे. पहिल्या दिवशी तेच, दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चिंतामणी दवाखान्यातून परत आणलेला नाथाचा डबा मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. तेजूमल जेवायला उठले, थबकले, डब्याचं झाकण उघडून बघितलं. तळाशी चार घास पेज.

"इतना ही खाते हैं?"

"एवढंही परत येतं, साहेब."

तेजूमलनी झाकण लावलं, खुंटीवरचा काळा कोट काढला आणि म्हणाले, "चलो. माणूस समोर पाहिजे ना... तो हम सामने जाते हैं."

झालं, सुटलो, असं वाटलं ना तुम्हाला? चिंतामणीलाही वाटलं. पण कागदावर शिक्का उठवायचं ते लोखंडी यंत्र असतं ना, दांडा दाबला की खट करणारं, ते मागे एकदा चोरीला गेलं होतं, म्हणून तेजूमलनी नवं घेतलं ते चार बोल्टांनी टेबलालाच ठोकून टाकलं होतं! आणि बोल्ट असे गंजलेले की पान्याचे दात झिजले, बोल्ट जागचे हलले नाहीत. खालचा वेल्डर आला, म्हणाला, "कटर मारतो, पण मग मशीन राहील की टेबल, ते मला विचारू नका."

आणि शिक्का मागाहून ऑफिसात मारायचा, हे तेजूमलना मंजूर नाही. म्हणून टेबल निघालं. तुम्हाला सांगतो, दोन हमाल, एक हातगाडी, तिच्यावर खणांचं सागवानी टेबल, टेबलावर ते यंत्र, पाठीमागे भर उन्हात काळ्या कोटातले तेजूमल, काखेत रजिस्टर, आणि सगळ्यात मागे डबा घेतलेला चिंतामणी. अशी ही वरात उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून चाललेली! दर दहा पावलांवर गिऱ्हाईक. एकानं खण ओढून बघितला, एकानं पाय ठोकून बघितले. एक बाई म्हणाली, "हे कितने का?"

"बेचने का नहीं," चिंतामणी काकुळतीला येऊन म्हणाला. "हॉस्पिटल ले जा रहा हूँ."

"क्यों, क्या हुआ इसको?"

तेजूमलही हसले. चिंतामणी हसला नाही. त्याचं लक्ष घड्याळाकडे.

दवाखान्याच्या पडवीपर्यंत टेबल आलं, आत न्यायला वॉचमननं साफ नकार दिला. मग टेबल पडवीत, आणि तेजूमल रजिस्टर घेऊन वॉर्डात. सिस्टर म्हणाली, "दहा मिनिटं. पेशंटला जास्त बोलायला लावू नका." कागद टाइप करून तयार होता. तेजूमल खाटेजवळ वाकले.

"नाथाभाऊ, मुझे आपके मुँह से सुनना है. बायकोचं नाव काय?"

नाथानं डोळे उघडले. पायथ्याशी उभ्या वेणूबाईकडे बघितलं. गप्प. सिस्टर म्हणाली, "मामा, सांगा ना." शेवटी त्यानं चिंतामणीला बोटानं जवळ बोलावलं.

"चिंतामण, एवढ्या माणसांत बाईचं नाव कसं रे घ्यायचं?"

बघा म्हणजे! पंचवीस वर्षं "अगं" आणि "ऐकलंस का" यावर संसार केलेला माणूस. नाव ओठांवर आणलेलं नाही. वकिलाला माणूस समोर पाहिजे, आणि इथे माणसं समोर आहेत म्हणून माणसाचं तोंड उघडेना. घड्याळात सात मिनिटं गेलेली.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको लसूण सोलत बसली होती. ती मान वर न करताच म्हणाली, "उखाण्यात घ्या की. त्याला कोण हसतंय?"

नाथानं थोडा वेळ छताकडे बघितलं. मग नळी जरा बाजूला केली, आणि एका एका शब्दाला दम घेत म्हणाला,

"घरात... नांदली वेणू, मनात... राहिली गोदू,
एकाच बाईला, वकीलसाहेब... दोन ठिकाणी कशाला शोधू?"

वेणूबाईनं पदर तोंडाला लावला. नंतर तिनं चिंतामणीला सांगितलं, लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ती एकदा नाथाजवळ रडली होती, माझं नाव का हो घालवलं म्हणून. तो तेव्हा काही बोलला नव्हता. गेला आणि फॉर्मवर लिहून आला. तिला पंचवीस वर्षांत पत्ता नाही.

तेजूमलनी विचारलं, "दोनो एकच ना?"

"एकच," नाथा म्हणाला.

सहीला हात उचलेना, म्हणून अंगठा उठवला. तेजूमल कागद घेऊन पडवीत गेले, दांडा दाबला. खट. आवाज आतपर्यंत आला.

"बसला?" नाथानं विचारलं.

"बसला, दाजी."

त्यानं नळी परत नीट लावून घेतली. पुढे तो फार काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेला.

महिन्याभरानं चिंतामणी ताईला घेऊन कारखान्यात. शंकररावांनी कागद उजेडात धरून बघितला. "चोख आहे काम. आता बाई, पडताळणीसाठी फक्त नवऱ्याचं नाव सांगा."

वेणूबाईनं मान खाली घातली.

"मी सांगतो, साहेब," चिंतामणी म्हणाला.

"तुम्ही नाही. बाईंनीच सांगायला हवं."

मागे रांग वाढत चाललेली. चिंतामणीला वॉर्डातली ती लसूण सोलणारी म्हातारी आठवली. तो हळूच ताईच्या कानाशी म्हणाला, "ताई, उखाण्यात घे."

वेणूबाईनं त्या कागदावरच्या निळ्या अंगठ्याकडे बघितलं.

"उखाणा घ्यायला, चिंतू... माणूस समोर पाहिजे."