फाइल वर गेली आहे

‘घाई काय आहे?’ मला विचारते ती! मला! बँकेच्या काउंटरवर, काचेच्या पलीकडे पंख्याखाली बसून, केस कानामागे सारत, ‘सर, तुम्हाला इतकी घाई काय आहे?’ अहो, घाई काय आहे म्हणजे? कर्ज काढून घर घेतोय मी, चपला नाही घेत! आणि तुम्हाला सांगतो, ती चिडत नाही हो. हेच तर माझ्या डोक्यात जातं. एकदा जरी वसकन अंगावर आली असती ना, तर मीही मनसोक्त भांडलो असतो, चार लोक जमले असते, जरा बरं वाटलं असतं. पण छे! ती गोड हसते, अगदी आजारी माणसाशी हसावं तशी, आणि म्हणते, ‘सर, तुमची फाइल वर गेली आहे.’

वर! वर म्हणजे कुठे? आता नीट ऐका हां. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती, की असेल बुवा वर एखादं मोठं ऑफिस, गुबगुबीत खुर्च्या, चष्म्यावरून बघणारी माणसं... पण मी कोण? लिफ्टवाला! लिफ्ट दुरुस्त करतो मी, आणि त्या बँकेच्या इमारतीची लिफ्ट माझ्याच अंगावर आहे! वर काय आहे ते मला विचारा ना! तळमजल्याला बँक. त्याच्या वर दातांचा डॉक्टर. त्याच्या वर शिवणाचा क्लास. त्याच्या वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी आणि माझी मोटर. संपलं! पुढे ढग! मग माझी फाइल गेली कुठे? दाढ काढायला?

तसं म्हटलं मी तिला. म्हटलं, ‘ताई, वर दातांचा डॉक्टर आहे.’ तर म्हणते कशी, ‘तसं वर नाही सर. सिस्टिममध्ये वर.’ घ्या! सिस्टिममध्ये वर! जिथे ना जिना जातो ना लिफ्ट!

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ एवढा तापतोय कशाला? मग आमचं आत्ताचं घर बघा एकदा. भाड्याचं. आणि लहान म्हणजे किती लहान? बाबा झोपतात दाराशी, घडीच्या खाटेवर. सकाळी आधी बाबा उठतात, मग खाट मिटते, मग दार उघडतं. हा क्रम आहे! बाबांचा डोळा लागला असेल तर घरातलं कोणी कामावर जाऊ शकत नाही. एकदा मी बाबांवरून ओलांडून खिडकीतून गेलोय, हत्यारांच्या पिशवीसकट! शेजारच्यांना वाटलं चोर. वय काय माझं? आणि बाबांचं? त्यांनी काय जन्मभर आमचा दरवाजा अडवून झोपायचं?

म्हणून ते नवं घर. म्हणजे जुनंच आहे, एका बाईंचं, त्या लेकीकडे राहायला चालल्यात. पण त्यात एक जास्तीची खोली आहे हो. लहानशी. खिडकीवाली. आम्ही बघायला गेलो, सगळीकडे आमच्या हिचं चाललेलं, ‘अहो, इथे ओल दिसतेय, अहो, हा नळ गळतोय,’ आणि बाबा गुपचूप त्या खोलीत गेले. खिडकीच्या कट्ट्यावर हात फिरवला. मग म्हणाले, ‘इथे माझा रेडिओ राहील.’ बस! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मी ते घर घेतलं. नळ गळू दे नाहीतर छत गळू दे. बाई म्हणाल्या, ‘महिनाअखेरपर्यंत थांबते हो मी तुमच्यासाठी, पण पुढे नाही. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे.’ म्हटलं, ‘बाई, महिनाअखेर कशाला? बँक आता फोन करेल बघा!’

केला का? केला का फोन? अहो, इकडे आमच्या हिने पडदेसुद्धा शिवून घेतले! कुठे? त्याच इमारतीत, वरच्या त्या शिवणाच्या क्लासात! म्हणजे माझे पडदे वर जाऊन, शिवून, इस्त्री होऊन खाली आले, आणि फाइल? फाइल वर गेली आहे!

आता फोनचं सांगतो. आम्ही काम करतो लिफ्टच्या शाफ्टमध्ये. शाफ्ट म्हणजे लिफ्ट ज्यातून वरखाली जाते ती विहीर. तिथे फोनला रेंज नाही. म्हणून अर्जावर मी नंबर दिला बाबांचा. ही माझी हुशारी! म्हटलं, बाबा दिवसभर घरी, फोन त्यांच्या खिशात, एकही फोन चुकायचा नाही. आणि रोज संध्याकाळी दारातूनच विचारायचं, ‘बाबा, बँकेतून आला होता का फोन?’ बाबा म्हणायचे, ‘नाही रे. नेहमीचे भामटे सोडले तर कोणाचाच नाही.’ की माझी तळपायाची आग मस्तकात! जेवताना मी बँकेला शिव्या देतोय, आंघोळ करताना शिव्या देतोय, आमची ही म्हणते, ‘अहो, हळू! भिंत सामाईक आहे!’ सामाईक आहे म्हणूनच तर घर हवंय ना मला! एक फोन करायला काय यांचं बोट झिजतं? माणूस आहे की कोण आहे मी? गेलो की, ‘सर, आमच्याकडून फोन येईल.’ कधी येईल? ‘सर, फाइल वर गेली आहे.’ मोठ्या साहेबांना भेटतो. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ रोज मीटिंगमध्ये! अरे, कोणाशी मीटिंग? मी तर बाहेर उभा आहे!

आणि मग... मग एके दिवशी मी कोपऱ्यावर चहा पीत होतो आणि निरोप आला, बँकेच्या इमारतीची लिफ्ट अडकलीय, आत माणूस आहे. चहा तसाच ठेवला. काम म्हणजे काम. धावत वर गेलो, दातवाल्याच्या मजल्याचं दार किल्लीने उघडलं, खाली बघतो तर लिफ्ट अधांतरी, आणि फटीतून एक डोकं दिसतंय. गाल टम्म सुजलेला, त्याला रुमाल धरलेला... आणि कोण? मोठे साहेब! मीटिंगवाले! दाढ दाखवायला निघाले होते, अडकले मध्येच! साहेब खालून ओरडतात, ‘अहो, काढा ना लवकर! जीव गुदमरतोय माझा!’

काय सांगू तुम्हाला! असा क्षण माणसाच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. मी खाली बसलो. मांडी घातली. अगदी तिच्यासारखा गोड हसलो. आणि म्हटलं, ‘सर... घाई काय आहे?’

‘अहो, घाई काय आहे काय? मी अडकलोय इथे!’

‘हो सर. तुमची तक्रार वर गेली आहे.’

‘वर म्हणजे कुठे? वर तर तुम्हीच आहात!’

‘तसं वर नाही सर. सिस्टिममध्ये वर.’

नाही, नाही, तसा मी दुष्ट नाही. बोलता बोलता हात चालूच होते माझे, लिफ्ट एकदम हलवता येत नाही, सगळं तपासावं लागतं. आता जरा जास्तच नीट तपासलं त्या दिवशी, हे खरं. पण विचारून घेतलं! म्हटलं, ‘साहेब, माझ्या कर्जाचं काय केलंत? लिफ्टवाल्याचं?’ तर ते डोकं एकदम वर झालं. डोळे एवढे! ‘ते तुम्ही? ते घर तुमचं? अहो, तुमचं कर्ज कधीच मंजूर झालं होतं!’

माझ्या हातातला पाना खाली पडला. टणकन. लिफ्टच्या टपावर.

‘झालं होतं? मग फोन का नाही केला?’

‘नाही केला? नाही केला?’ आता साहेब चिडले. दाढ विसरले. ‘आमच्या काउंटरवरच्या मुलीने केला. नुसतं म्हणाली, अभिनंदन सर, मी बँकेतून बोलतेय, की पलीकडच्या गृहस्थांनी... रडली हो पोरगी! मग म्हटलं मीच करतो. मी केला. मला जे काही ऐकवलंय ना त्यांनी... माझ्या सख्ख्या बापाने मला कधी असं झापलं नाही! शेवटी आम्ही लिहून टाकलं, ग्राहकाला कर्ज नको आहे. काउंटरवर फाइल वर गेली म्हणते ना ती, ते न बघताच सगळ्यांना म्हणते!’

आता माझा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

काय झालं होतं माहितीय? मागे एकदा एका भामट्याने बाबांना फोन केला होता. ‘अभिनंदन आजोबा, बँकेतून बोलतोय, तुम्हाला बक्षीस लागलंय, जरा पासबुक घेऊन बसा.’ आणि बाबा खरंच पासबुक घेऊन, चष्मा लावून बसले होते! मी ऐन वेळी घरात शिरलो म्हणून वाचलो. त्या दिवशी मी बाबांची शाळा घेतली. म्हटलं, ‘बाबा, लक्षात ठेवा, बँकेतून बोलतोय म्हणाला की चोर. अभिनंदन म्हणाला की महाचोर! ऐकून घ्यायचं नाही, झापायचं!’ बाबा म्हणाले, ‘अरे, पण मला झापता कुठे येतं?’ खरंच होतं ते. आयुष्य ग्रंथालयात गेलं त्यांचं, लोकांना ‘हळू बोला’ सांगण्यात. मग मीच शिकवलं. समोर बसवून. आवाज कसा चढवायचा, कुठली शिवी आधी, कुठली नंतर. दोनदा म्हणून घेतलं त्यांच्याकडून. आणि माझे बाबा! जन्मात कुठली गोष्ट अर्धवट केली नाही त्यांनी!

साहेबांना काढलं बाहेर. वर ओढून घेतलं. कपडे झटकून दिले. हात जोडले, म्हटलं, ‘साहेब, चूक झाली, आता करा ना मंजूर.’ म्हणाले, ‘असं कसं? नकार लिहिलाय. आता सगळं पुन्हा... वर पाठवावं लागेल.’

वर! परत वर!

घरी गेलो तर बाबा दारातच, खाटेवर. छाती पुढे काढून. ‘आज पण एक आला होता रे! असा सोलून काढला...’ मी सांगितलं सगळं. बाबांचा चेहरा उतरला. रेडिओ चालू होता मांडीवर, तो बंद केला. म्हणाले, ‘मग... खिडकी गेली का रे?’

आता रागवायचं कोणावर? सांगा ना! बाबांवर? त्यांनी माझंच ऐकलं. बँकेवर? त्यांनी फोन केले. त्या पोरीवर? तिला तर आम्ही रडवली! तुम्हाला सांगतो, राग आला की तो ठेवायला माणसाला जागा लागते, आणि आमच्या घरात तेवढीही जागा नाही. रात्रभर छातीवर घेऊन झोपलो.

म्हटलं, निदान नंबर तरी बदला, माझा घाला, मी शाफ्टमधून दर तासाला बाहेर येतो, टॉवरवर चढतो, काय वाटेल ते करतो. तर ती पोरगी म्हणते... हो, तीच, डोळे अजून जरा लाल होते तिचे... म्हणते, ‘सर, नंबर बदलायचा अर्ज द्या.’ दिला. ‘होईल का लगेच?’ ‘सर, तो अर्ज वर गेला आहे.’ तोही गेला! एकाला एक सोबत झाली! आणि बाईंचा फोन, ‘अहो, महिना सरत आला, मी काय करू?’ आणि मी काय बोललो असेन? माझ्या तोंडून? ‘बाई, फाइल वर गेली आहे!’ जीभ कशी झडली नाही माझी! बाई म्हणाल्या, ‘दोन दिवस देते. तुमच्या वडलांकडे बघून देते.’

आणि वडील? वडलांनी आता वेगळंच धरलंय. म्हणतात, ‘खरा कोण नि खोटा कोण, मला कळत नाही बाबा. मी आता सगळ्यांशीच गोड बोलणार.’ आणि बोलतात! कोणीही फोन करू दे! ‘बोला साहेब, जेवलात का? आवाज बसलाय तुमचा, गरम पाणी घ्या.’ कालच एक क्रेडिट कार्डवाला होता. बाबा म्हणाले, ‘बिचाऱ्याचं टार्गेट राहिलंय रे, वरचे साहेब ओरडतात त्याला.’ म्हणजे त्याच्याही वर कोणीतरी आहे! बाबा त्याला धीर देत बसले. त्याचं लग्न ठरत नाही, हेही कळलं आम्हाला!

आज सकाळी मोठे साहेब मला भेटले. जिन्यात. लिफ्टने जात नाहीत आता ते. दोन पायऱ्या वर उभे. म्हणाले, ‘तुमच्या कर्जाचा निर्णय खाली आलाय.’ ‘काय झालं, साहेब?’ तर म्हणतात, ‘ते मला असं सांगता येत नाही. अर्जावरच्या नंबरवरच कळवावं लागतं. मागे लिफ्टमध्ये बोललो, ते नियमाबाहेर होतं.’ अहो, माणूस समोर! निर्णय त्याच्या पोटात! आणि मी त्याचा चेहरा वाचायला बघतोय, तर तो हसतोय की त्याची दाढ ठणकतेय, तेच कळेना! म्हटलं, ‘मग कळवा ना त्या नंबरवर! आत्ता कळवा!’

‘सकाळपासून लावतोय,’ साहेब म्हणाले. ‘एंगेज आहे.’

मी लावला. एंगेज. त्यांनी लावला. एंगेज. मग आम्ही दोघंही पायरीवर बसलो. शेजारी शेजारी. एकदा ते लावतात, एकदा मी लावतो. शेवटी तेच कंटाळून म्हणाले, ‘अहो, तुमचे वडील इतका वेळ बोलतात तरी कोणाशी?’

म्हटलं, ‘कोणाशी बोलणार, साहेब? बँकेतून फोन आला असेल!’