चतुराबाईंच्या नावाची ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पुंजाजीकाका, व्यासपीठावरील मुख्याध्यापिका पौर्णिमाताई, रिठदचे ग्रामस्थ, सहकारी, विद्यार्थी मित्रहो, आणि जिच्या सत्कारासाठी हा मंडप घातलाय ती आपल्या शाळेची शिपाई चतुराबाई... मावशी, खुर्च्या सरळ करू नका, आज बसा!

मी प्रसेनजित, संगणक शिक्षक. पाच मिनिटं मागितलीत, थोडी जास्त लागतील.

आठवतं का, चार वर्षांपूर्वी आपले संगणक भंगारात निघाले होते? त्यातली ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या कंपनीने जुन्या मालाकडे पाठ फिरवली होती. मग मी त्यांत लिनक्स ही फुकट मिळणारी, खुली प्रणाली घातली. त्यातला ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर काय रंगवायचं ते कार्डाला सांगणारा प्रोग्रॅम, देशोदेशीची माणसं मिळून लिहितात. तो कुणीही वाचावा, सुधारावा. काम छान चाललं. पण काही संगणक सकाळी नुसते रंगीत पट्टे दाखवायचे. खोटं कशाला बोलू, मला ते पट्टे बघत बसायला आवडायचं. कारण मात्र सापडत नव्हतं, आणि संस्थेने महिन्याची मुदत दिलेली. नाहीतर संगणकाच्या खोलीला कुलूप.

एका सकाळी मावशी झाडू टेकवून म्हणाल्या, "सर, म्या भितीवरच्या बटनावरून बंद केलेले नीट उठतात. तुमी ज्याईले झोपवता ना, तेच येड्यावानी करतात. जाग आल्यावर आपन कुठी आहो, हेच त्याईले आठवत नसन."

अगदी तेच होतं! झोपेतून, म्हणजे स्लीप मोडमधून, उठताना कार्डाची मांडणी पुसली जात होती. मी ड्रायव्हर लिहिणाऱ्या मंडळींना कळवलं, त्यांनी दुरुस्ती केली, खोली वाचली. त्यांच्यात एक रीत आहे. दोष ज्याने शोधला, त्याचं नाव दुरुस्तीखाली लिहायचं. त्यांनी विचारलं, कोणाचं नाव? मी माझं दिलं.

होय. अशाच एका मंडपात मी त्या शोधाबद्दल शाल-नारळ घेतला, आणि चहा मावशींनी आणून दिला. मला त्याची लाज वाटते.

पुढे नाव बदला म्हणून लिहिलं. उत्तर आलं, ती ओळ जगभर पोचली, आता बदलत नाही. मावशींना सांगितलं, तर म्हणाल्या, "राहू द्या ना सर. माहं नाव तिथं कोन वाचते?" मग खिडकीकडे बघत हळूच, "पन दिसलं असतं तं बरं वाटलं असतं."

या उन्हाळ्यात त्यांनीच दुसरा दोष पकडला. मोठा पडदा जोडला की नकाशाची उजवी कड गायब. या वेळी मी आधी त्यांचं नाव लिहिलं, मग दोष. परवा दुरुस्ती स्वीकारली गेली.

हल्ली मला सारखं दिसतं, बर्फ पडणाऱ्या कुठल्याशा गावी कुणी मोठा पडदा लावतंय आणि नकाशा कडेपर्यंत उमटतोय. रिठद कुठे आहे, त्याला काय ठाऊक?

आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या पहिल्या ओळीची क्षमा मात्र मी एकट्या मावशींकडे मागतो.

मावशी, कोण वाचतं म्हणालात ना? हा त्या दुरुस्तीचा छापील कागद घ्या, माईकजवळ या. शेवटची ओळ तुम्हीच वाचा.