बाभळीखालची खुर्ची

(जाफराबाद तालुक्यातलं गाव, गोपिकाबाईंची ओसरी, दुपार. मुकुंद हा बियाणे कंपनीचा कापसाचा प्लॉट सांभाळणारा अधिकारी. वर्षाराणी ही गोपिकाबाईंची सून.)

मुकुंद : ताप नाही, खोकला नाही, मग पाच दिवस प्लॉटवर का नाही, मावशी?

गोपिकाबाई : घरी काम निघालं, साहेब. डाळ करायची व्हती.

वर्षाराणी : डाळ उन्हाळ्यातच झाली, आत्याबाई.

गोपिकाबाई : तू गप. साहेबांना पाणी दे.

मुकुंद : पाणी झालं. ऐका माझं. वीस बाया आहेत, पण कोणी कोणाचं ऐकत नाही. संध्याकाळी परागांचे केसर काढायला नखानं कळ्या सोलतात, आतल्या इवल्या बोंडाला धक्का लागतो आणि तिसऱ्या दिवशी ते गळून पडतं. त्यातल्या दैवशालाला पुढे केलं तर ती रडते. तुमच्या अंगठ्याच्या नखाची सर एकीलाही नाही. फुलं अजून पंधरा दिवस आहेत. तुम्ही आला नाहीत तर प्लॉट हातचा गेला समजा.

वर्षाराणी : मंग खुर्चीवर बसवलेल्या बाईला आता कशाला बोलवून राह्यले?

मुकुंद : अगं, खुर्ची आरामासाठी दिली होती. तुझ्या सासूबाई सरीत गुडघा धरून उभ्या होत्या, मी पाहिलं. माझी आई अंबडच्या कचेरीत पस्तीस वर्षं दोन जिने चढली. गुडघे गेले तिचे, पण तिचं टेबल खाली घ्यावं असं एकाही साहेबाला वाटलं नाही. म्हणून म्हटलं, आपल्या हातात आहे तर करावं. बाभळीखाली सावली, हजेरी पूर्ण, बाया काय करतात तेवढं बघायचं. हारसुद्धा घातला.

गोपिकाबाई : हार चांगला व्हता. झेंडूचा.

मुकुंद : सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गोपिकाबाई : आधी तुम्ही वाजवल्या, मंग सगळ्यांनी वाजवल्या. मी बी वाजवल्या.

मुकुंद : मग तेव्हाच सांगायचं होतं ना, मला हे नको म्हणून.

गोपिकाबाई : हार गळ्यात असताना?

वर्षाराणी : साहेब, त्या दिवशी वार कोणता व्हता, ध्यानात हे का?

मुकुंद : बुधवार असेल.

वर्षाराणी : बुधवारच. ज्यांच्या वावरात तुमचा प्लॉट हे, त्या झुंबरबाईच्या मालकाला सोमवारी कंपनीचा फोन आल्ता. मागच्या सालचा माल नापास झाला, बियाण्यात भेसळ निघाली. सोमवारी माल नापास अन् बुधवारी आत्याबाई झाडाखाली. बायांनी काय समजायचं?

मुकुंद : त्याचा याच्याशी काहीच संबंध नव्हता.

वर्षाराणी : ते तुम्हाला ठाव. झुंबरबाई तर म्हणून राह्यली, म्हातारीची नजर गेली, कळ्या सोलायच्या राहून गेल्या, म्हणून भेसळ झाली. कंपनीनं हुशारीनं बाजूला केलं, वरून हार घातला, बोभाटा नको म्हणून.

मुकुंद : अहो, पण तो दोष तुमचा नव्हताच. पलीकडच्या वावरात दुसऱ्या जातीचा कापूस होता, मधमाश्यांनी तिकडचे पराग आणले. मी स्वतः पाहणी करून अहवाल पाठवला. कंपनीनं तो मान्यही केला.

गोपिकाबाई : कवा?

मुकुंद : फोन यायच्या आठवडाभर आधी.

गोपिकाबाई : म्हंजी तुम्हाला ठाव व्हतं.

मुकुंद : हो.

गोपिकाबाई : अन् आम्हाला बोलले न्हाई.

मुकुंद : ऐन हंगामात तुमच्या जिवाला घोर नको, म्हणून नाही बोललो. वाटलं, वरच्यावर मिटवू, बायांना कळायलाही नको.

गोपिकाबाई : बावीस सालं झाली, साहेब. पहिली कळी मी सोलल्याबिगर एक बाई सरीत उतरायची न्हाई. कोणी सांगितलं नव्हतं, तशी रीतच पडली. त्या दिवशी मी खुर्चीवर बसलेली अन् सगळ्या माझ्याकडं न बघता उतरल्या. एकट्या दैवशालानं मागं वळून बघितलं. गुडघा दुखत व्हता, बराबर हे तुमचं. पण गुडघ्याचं माझं मी बघितलं असतं. लई वाईट वाटलं मला.

वर्षाराणी : आत्याबाईंमागं मी बी तिथलं काम सोडलं. परवा पल्याडच्या प्लॉटवर गेल्ते, तर तिथल्या मालकानं बांधावरूनच परत लावलं. म्हणला, सासूनंच शिकवलेला हात ना तुझा?

गोपिकाबाई : हे मला सांगितलं न्हाई तू.

वर्षाराणी : तुमच्या जिवाला घोर नको म्हणून.

मुकुंद : चुकलं माझं, मावशी. उद्याच सगळ्यांना जमवतो. झुंबरबाईंनाही बोलावतो आणि सगळ्यांसमोर सांगतो की...

गोपिकाबाई : परत सगळ्यांसमोर?

वर्षाराणी : हार बी आणता का?

गोपिकाबाई : वर्षा.

मुकुंद : बोलू द्या तिला. बरं, कार्यक्रम नको. तुम्ही सांगा, कसं करू?

गोपिकाबाई : तो अहवाल का काय, तो कागद घेऊन झुंबरबाईच्या घरी जा. तिच्या ओट्यावर बसा अन् तिला सगळा वाचून दाखवा. जल्दी करू नका, चहा दिला तर घ्या. तिला पटलं की सांजच्यापारी गावाला कळतं.

मुकुंद : इथून तिकडेच जातो. आणि उद्या दुपारी तीनला तुम्ही सरीत उतरायचं. खुर्ची मी स्वतः उचलून गाडीत टाकतो. गुडघा दुखला तर लगेच घरी जा, मी अडवणार नाही. फक्त पहिली कळी तेवढी तुमच्या हातची... हाताला काय झालं? मघापासून पदराखाली धरलाय.

गोपिकाबाई : काही न्हाई झालं.

वर्षाराणी : दाखवा की त्यांना.

गोपिकाबाई : काय दाखवायचं त्यात.

वर्षाराणी : दाखवा, आत्याबाई.

मुकुंद : मावशी. हे कधी केलं?

गोपिकाबाई : बुधवारीच. घरी आले, हार देवाला घातला अन् माझ्या अंगदच्या दाढीच्या ब्लेडनं नख कापलं. आषाढापासून धरलं व्हतं. अंगठ्याचं नख नीट वाढायला दोन महिने लागतेत, साहेब. फुलं पंधराच दिवस हेत.