दार सोडायचं नाही

...नाही हो, हसू नका, सहा दिवस झाले मी या दारात खुर्ची टाकून बसलोय, आणि का, तर पाण्याचा टँकर येणार! कधी? ते टँकरवाल्यालाही ठाऊक नाही. शेजारच्या खुर्चीत कोण, ते मागाहून सांगतो. मेक्सिको शहरातलं हे आमचं इस्तापालापा वाढतंय, दर वर्षी दोन गल्ल्या नव्या, आणि नळ? उघडला की नुसता खोकतो! टँकर आला आणि दारात घरचं माणूस नसलं, की तो गेला पुढे, बसा पुन्हा अर्ज करत. म्हणून बायको, आमची रेफुखिओ, बजावते, ‘फिदेन्सिओ, दार सोडायचं नाही.’

घरात पाण्याची काटकसर तर विचारूच नका... अंघोळीच्या पाण्यानं फरशी, फरशीचं संडासात, एक बादली तीनदा राबते! दाढीसुद्धा अर्ध्या पेल्यात, इथेच, खुर्चीत. आणि काल पोरीचं, यादिराचं, लग्न. शंभर माणसं जेवायला, हौद कोरडा, नवरीचा बाप कुठे? दारात! रेफुखिओ म्हणते, पोरीला चर्चात कोण नेणार? म्हटलं, मी. मग टँकर कोण घेणार? म्हटलं, तोही मीच... शेवटी यादिरा पांढरा झगा सावरत आली, डोळे भरलेले, ‘पप्पा, चला ना.’ म्हटलं, रडू नकोस बाई, तोंड धुवायला पाणी नाही. पण काळीज हललं हो. सोडलं दार.

चर्चात निम्म्यावर पोचतो न पोचतो, बाहेर भोंगा! टँकरचा! तो भोंगा आमच्याकडे तान्ही पोरंही ओळखतात. अख्खं चर्च रिकामं, पाद्रीसुद्धा पळाले, त्यांनाही हौद आहे ना! मी तेवढा पोरीचा हात धरून उभा, आणि समोर बघतो तर... नवरदेव गायब!

पोरीला बाकावर बसवलं आणि चर्चच्या दाराकडे बघत बसलो. तासाभरानं नवरदेव, उरिएल, परतला, कोट निथळतोय, बुटांतून पचपच आवाज. म्हणाला, ‘हौद भरला, बाबा.’ टँकरवाल्याला यानं ठोकून दिलं होतं, मी या घरचा जावई! लग्न लागायचं होतं हो अजून! मला पहिल्यांदाच बाबा म्हणाला, मी कोटासकट मिठी मारली.

मग काय, पाद्रीही परतले, लग्न लागलं, शंभर माणसं जेवली, शंभर माणसांनी हात धुतले, मोलेनं, आमच्या त्या मिरचीच्या दाट रश्श्यानं, बरबटलेली ताटं घासली... रात्री हौदाचा तळ दिसला. सकाळी रेफुखिओनं माझ्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची आणून ठेवली आणि जावयालाही सांगितलं, ‘दार सोडायचं नाही.’

हा बघा, बसलाय. मधुचंद्राचं विचारू नका बिचाऱ्याला... टँकर आला की जातील.