पाच मिनिटं

मुलुंडच्या एका बालविकास केंद्रात नंबरची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर सासू-सून होत्या. नात आत तपासणीला.

"काय म्हणाली गो डॉक्टरीण?"

"जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला असणार. म्हणून एका जागी बसत नाही, चिडली की चावते."

"सात वर्षांनी?"

"शाळेत बसायची वेळ आली तेव्हा दिसायला लागलं, आई."

"पाच मिनिटं रडलीच नव्हती ती."

"कोण?"

"जान्हवी. जन्मली तेव्हा. तुला टाके घालत होते. नर्स म्हणाली, बाळंतिणीला आत्ता सांगू नका."

"आणि नंतर?"

"नंतर दूध प्यायला लागली, हसायला लागली. म्हटलं, कशाला घाबरवायचं तुला?"

"मी तिला मारत आले, आई. मुद्दाम करते म्हणून. परवा चमचा तापवून लावला हाताला."

"माहीत आहे मला."

"डॉक्टरांनी विचारलं, हा डाग कसला? मी म्हटलं, तव्याला हात लागला."

"आणि जान्हवी?"

"माझ्याकडे बघितलं तिने. मग म्हणाली, हो, तव्याला लागला."