कोपरचं ऑफिस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या लघुउद्योजक मंडळाचा आधार माननीय काळुरामभाऊ म्हात्रे, व्यासपीठावर विराजमान झालेले सन्माननीय पाहुणे, मंडळाचे चिटणीस धोंडिबा शेलार, ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो त्या शीलाताई गुप्ते, आणि मानपाड्यापासून खोपटपर्यंतच्या आपापल्या गाळ्यांना अर्धा दिवस कुलूप लावून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी सहदेव पालव. स्प्रिंगा बनवतो. दिवसभर एकटा मशीनपाशी असतो, त्यामुळे माइकसमोर बोलायची सवय नाही. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि मघाशीच घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, ते मला दिसतंय.

नव्या मंडळींना थोडं मागचं सांगायला हवं. शहाऐंशी साली गाळ्यावर फोन घ्यायचा म्हणजे अर्ज करायचा आणि विसरून जायचं. माझा नंबर लागायला अकरा वर्षं गेली. पण ज्याला फोन नाही त्याला ऑर्डर कोण देणार? शीलाताईंच्या कोपरच्या घरी वडिलांच्या वेळचा फोन होता. वडील गेलेले, घरात त्या एकट्याच. काळुरामभाऊंनी मध्ये पडून ठरवून दिलं आणि ताईंनी घरबसल्या आम्हा अकरा जणांचं ऑफिस सांभाळायला घेतलं. अकरा मालक आणि नंबर एकच. आलेला फोन कोणासाठी आहे हे आधी कसं कळणार? म्हणून त्या एवढंच म्हणायच्या, "नमस्कार, ऑफिस." पलीकडून विचारणा व्हायची, "पालव स्प्रिंग्ज का?" की लगेच, "हो, बोला. साहेब मीटिंगमध्ये आहेत."

साहेब त्या वेळी बनियनवर तार वळत असायचे. एकदा तर मी आणि आपले अध्यक्ष दोघंही एकाच दुपारी दिल्लीला गेलेलो, म्हणजे गिऱ्हाइकांना तसं सांगितलेलं, आणि प्रत्यक्षात टपरीवर समोरासमोर चहा पीत बसलेलो. भाऊ हसतायत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.

रोज दुपारी चार वाजता मी नाक्यावरच्या सार्वजनिक फोनवरून ताईंना फोन करायचो. त्या वहीतून निरोप वाचायच्या, मी लिहून घ्यायचो. तीन मिनिटांत काम संपायचं. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं, त्यांनी मला पाहिलेलं नव्हतं.

माझ्या कार्डावर नंबर कोपरचा आणि पत्ताही कोपरचा. गाळ्यावर मी पाटीसुद्धा लावली नाही. गिऱ्हाइकाने तो पत्र्याचा गाळा पाहिला तर ऑर्डर हातची जाईल, अशी भीती. तुमच्यापैकी किती जणांनी हेच केलं ते मी विचारत नाही, हात वर करू नका. पण मी चार पावलं पुढे गेलो. माझी बायको भागीरथी, तिलाही मी गाळा कधी दाखवला नाही. मानपाड्याला यांचा कारखाना, कोपरला ऑफिस आणि ऑफिसात फोनवर बाई, एवढंच तिला ठाऊक. शेजारणींना कौतुकाने ते कार्ड दाखवायची. खोटं सांगतो आहोत याचं वाईट वाटायचं, पण तिचा चेहरा बघून मी गप्प बसायचो.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत तिला ठाण्याला इस्पितळात ठेवलेलं. सकाळी मी असायचो, दिवसा तिची बहीण मनुबाई. त्या दिवशी सकाळी तिला जरा बरं वाटत होतं. मला म्हणाली, "जावा तुम्ही, ऑफिस खोळंबेल." मी गेलो. दुपारी एक वाजता तब्येत एकदम बिघडली. "ह्यांना बोलवा," म्हणाली. मनुबाईने कार्डावरचा नंबर फिरवला. "नमस्कार, ऑफिस."

आता तुम्हीच सांगा, ताईंनी काय करायचं? साहेब मानपाड्याला असतात, याच्यापुढे त्यांना काही माहीत नाही. मी फोन करणार चार वाजता. तोवर हातावर हात ठेवून बसणं त्यांना जमेना. दाराला कुलूप घालून त्या निघाल्या. गल्लीमागून गल्ली, गाळ्यामागून गाळा, "स्प्रिंगवाले पालव कुठे?" पाटीच नाही, तर कोण काय सांगणार? तीन वाजता कोणीतरी एका टोकाचा स्प्रिंगवाला दाखवला. तिथवर चालत गेल्या, तर तो गाद्यांच्या स्प्रिंगा करणारा निघाला. चारच्या आत घरी परतून फोनपाशी बसायचं, असं त्यांनी ठरवलेलं. ते हुकलं.

चार वाजता मी फोन केला. घंटा वाजत राहिली. असं आधी कधी झालं नव्हतं. मग मला काळजी वाटली असेल, असं तुम्हाला वाटेल. छे. मी चिडलो, चहा घेतला आणि परत कामाला लागलो.

साडेपाचला दारात एक बाई उभ्या. एक चप्पल पायात, एक हातात, तिचा अंगठा तुटलेला. मी विचारलं, "कोण हवंय?" माझा आवाज त्यांनी ओळखला. म्हणाल्या, "साहेब, मी ऑफिस."

आणि मंडळी, त्यांना समोर पाहून माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "फोन सोडून आलात?"

ठाण्याला पोचलो तेव्हा साडेसहा वाजलेले. भागीरथी सव्वापाचला गेलेली. चारला निघालो असतो तर भेट झाली असती. हे ताईंनाही कळत होतं आणि मलाही. ताई फोनपाशी थांबल्या असत्या तर, असं मी मनात धरून बसलो, आणि माझं ते वाक्य त्या मनात धरून बसल्या. नऊ वर्षं झाली. आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

चारचा फोन मात्र चालू राहिला. रविवारी गाळा बंद, तरी मी नाक्यावर जाऊन फोन करायचो. रविवारी कुणाचा निरोप असणार? "काही निरोप नाही, साहेब." मग जरा थांबून, "जेवलात?" त्यानंतर दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत मला काही विचारणारं कोणी नसायचं. मी फार एकटा होतो. त्याही असतील, पण त्या जेवल्या का, हे मी एकदाही विचारलं नाही.

आता आम्हा सगळ्यांकडे फोन आले. आजपासून कोपरचं ऑफिस बंद. गेल्या महिन्यात माझा फोन लागला तेव्हा पहिला फोन मी चार वाजता ताईंनाच केला. एक गोष्ट सांगायची होती. "काही निरोप नाही, साहेब," त्या म्हणाल्या, आणि मी "बरं" म्हणून ठेवून दिला. तेव्हा जमलं नाही, म्हणून आज सगळ्यांदेखत सांगतो.

ताई, चूक तुमची नव्हती. तुम्ही चार तास मला शोधत उन्हात फिरलात. मी वेळेत सापडलो नाही, कारण मी कुणाला सापडू नये अशी तजवीज मीच करून ठेवली होती. भागीरथीलासुद्धा मी सापडलो नाही.

शाल-श्रीफळ मंडळ देईलच. मी हे कार्ड आणलंय. नवं छापलंय. यावर गाळ्याचा पत्ता आहे, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, गाळा नंबर सात. पाटीही परवा लावली. पहिलं कार्ड तुमचं.

अध्यक्षांनी घड्याळ परत मनगटावर बांधलंय, तेव्हा आवरतो. मंडळाचे, पाहुण्यांचे, हॉल झाडून ठेवणाऱ्यांचे आणि मागे चहा उकळत ठेवणाऱ्या ठमाबाईंचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल ते सभेने पोटात घालावं. बाकीची माफी मी ताईंकडे मागतो. ती द्यायची की नाही, ते त्यांनी सावकाश ठरवावं.

ताई, उद्या चार वाजता मी गाळ्यावरच असेन, चहा ठेवून. कुणाला वाट विचारावी लागणार नाही. नमस्कार.